पाटी कोणाची, पेला कोणाचा? : बॅम्बर ब्रिजच्या एका पबचा इतिहास आणि दंतकथा

इंग्लंडातल्या खेड्याचे चित्र काढायचे तर दोन इमारती आधी काढाव्या लागतात. एक चर्च आणि दुसरा पब. 'पब' हा 'पब्लिक हाउस' या शब्दाचा संक्षेप. सार्वजनिक घर. घर एकाचे, पण दार सर्वांना उघडे, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे पब म्हटले की पुण्या-मुंबईतल्या पैसेवाल्यांच्या पोरांची नाचण्याची जागा आठवते आणि दारूचे दुकान म्हटले की गुत्ता. इंग्रज खेड्यातला पब या दोहोंत बसत नाही. आपली चावडी, आपला पार आणि आपला गुत्ता ही तिन्ही एका छपराखाली आणली तर जे होईल ते पब. गिरणीतून सुटलेला मजूर तिथे बसतो, डॉमिनो खेळतो, गावाची बातमी ऐकतो, युनियनची वर्गणी भरतो.

दारूच्या घराचा इतिहास या नियतकालिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. बाबासाहेबांच्या अनुयायांना तसे वाटणे मी स्वाभाविकच मानतो. ज्या दारूने आमच्या वस्त्यांतले संसार खाल्ले तिचे कौतुक करायला मी बसलेलो नाही. पेल्यात काय आहे हा माझा विषय नाही. पेला कोणाबरोबर, कोणत्या दाराने आणि कोणाच्या मर्जीने, एवढ्यापुरताच मी या घरात शिरतो आहे.

ज्या पबविषयी लिहितो आहे त्याचे नाव 'यी ओल्ड हॉब इन'. गाव बॅम्बर ब्रिज. उत्तर इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात प्रेस्टन शहराला लागून हे गाव आहे. या गावाचे पोट पिढ्यान् पिढ्या कापसावर भरले. लँकेशरमध्ये सुती कापडावर छपाईचा धंदा १७६४ च्या सुमारास सुरू केला तो बॅम्बर ब्रिजच्या क्लेटन घराण्याने, असे वस्त्रोद्योगाचे इतिहासकार सांगतात. या छापील कापडाला इंग्रजीत 'कॅलिको' म्हणतात आणि तो शब्द आपल्या कालिकतवरून गेला. हिंदुस्थानी छिटांना १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी इंग्लंडने दार बंद केले, आणि मग तीच विद्या स्वतः शिकून जगाला कापड विकले. मी वऱ्हाडातला. आमच्या काळ्या मातीतला कापूस कोणत्या गावांच्या दिशेने जात होता हे लहानपणी कोणी सांगितले नव्हते; ते पुढे पुस्तकांतून कळले.

वऱ्हाडाच्या आधी लँकेशरचा कापूस येत असे अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटले, कापसाची जहाजे थांबली, गिरण्या बंद पडल्या आणि लँकेशरच्या मजुरांवर उपासमार आली. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र लिंकनला पाठवले आणि लिंकनने त्याला उत्तर दिले. याच काळात वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत सट्टेबाजांचे इमले उभे राहिले. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. अमेरिकेतला गुलाम, लँकेशरचा मजूर आणि वऱ्हाडचा शेतकरी हे एकाच दोऱ्यात ओवलेले लोक होते. फक्त एकमेकांची तोंडे त्यांनी पाहिली नव्हती. ज्यांच्या आज्यापणज्यांनी वेचलेला कापूस लँकेशरला आला, तशा माणसांची नातवंडे ऐंशी वर्षांनी लष्करी गणवेशात या गावात उतरली.

तिकडे वळण्याआधी पबची इमारत पाहून घेऊ. हॉब इन ही बुटकी, जुनी, गवताने शाकारलेल्या छपराची वास्तू आहे. 'हॉब' म्हणजे चुलीशेजारचा कट्टा, आणि 'हॉब' म्हणजे इंग्रज लोककथेतले घरात वावरणारे भूतही. दोन्ही अर्थ पबला शोभतात. 'यी ओल्ड' हे शब्द मात्र जुनेपणाचे सोंग आहे. जुन्या इंग्रजीत 'थ' उच्चाराचे एक अक्षर होते, ते हस्तलिखितांत 'वाय'सारखे दिसे. पुढच्यांनी ते 'यी' असे वाचले आणि पाट्यांवर चढवले. मूळ शब्द साधा 'द' आहे. पाटीवर जे लिहिले ते प्राचीन असतेच असे नाही, एवढे आपण ध्यानात ठेवू. पुढे आणखी एका पाटीकडे जायचे आहे.

सार्वजनिक म्हणवणारे हे घर आतून किती सार्वजनिक होते? याचे उत्तर जवळच्याच बोल्टन शहरातून मिळते. 'मास ऑब्झर्वेशन' नावाच्या अभ्यासमंडळाने तिथल्या पबमध्ये निरीक्षक बसवून एक पुस्तक तयार केले आणि ते नेमके १९४३ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यात पबच्या खोल्यांची उतरंड टिपलेली आहे. 'व्हॉल्ट' म्हणजे उभ्याने पिणाऱ्या मजुरांची, फक्त पुरुषांची खोली. 'टॅपरूम' म्हणजे बाके आणि खेळ असलेली, तीही पुरुषांचीच. आणि 'लाउंज' म्हणजे गादीच्या खुर्च्यांची, बायकांना घेऊन यायची, कोट घालून बसायची खोली. बियर एकाच पिंपातली, पण लाउंजमध्ये ती पेनीभर महाग. म्हणजे खोलीचा मान पेनीने मोजला जाई. मात्र ज्याच्या खिशात ती पेनी असेल तो आत जाऊ शकत असे. जातीच्या उतरंडीत ही सोय नाही. वर्ग आणि जात एकच म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी या एका पेनीचा विचार करावा.

आणखी एक गंमत. दारू पूर्ण सोडण्याची शपथ घेणारी चळवळ याच प्रेस्टनमध्ये १ सप्टेंबर १८३२ रोजी सुरू झाली. तिचा पुढारी जोसेफ लिव्हसे हा बॅम्बर ब्रिजच्या शेजारच्या वॉल्टन-ल-डेलचा, विणकराचा धंदा करून वर आलेला माणूस. निर्व्यसनीपणाची शपथ आणि गवती छपराचा पब एकाच शिवारात शंभर वर्षे शेजारी नांदले.

आता १९४३. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले आणि आपला वर्णभेद सामानासोबत घेऊन आले. काळ्यांच्या पलटणी वेगळ्या, त्यांवरचे अधिकारी बहुतेक गोरे. लढण्याची कामे सहसा गोऱ्यांना. ओझी वाहणे, ट्रक हाकणे, रस्ते करणे काळ्यांना. जखमींना द्यायचे रक्तसुद्धा अमेरिकन रेडक्रॉस गोऱ्याचे वेगळे आणि काळ्याचे वेगळे ठेवत असे, आणि ते १९५० पर्यंत चालले. विटाळ हा फक्त आपल्या शास्त्रांचा शोध आहे असे समजणाऱ्यांसाठी ही माहिती मुद्दाम देतो. १९४४ च्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये काळे अमेरिकन सैनिक एक लाख तीस हजारांच्या आसपास झाले. ब्रिटनच्या खेड्यापाड्यांतल्या बहुसंख्य लोकांनी तोवर काळा माणूस प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता.

बॅम्बर ब्रिजमध्ये आली ती १५११ वी क्वार्टरमास्टर ट्रक तुकडी. आठव्या हवाई दलाचे सामान वाहणे हे तिचे काम. तिचे सैनिक काळे, एक सोडून सगळे अधिकारी गोरे. गावाच्या दुसऱ्या टोकाला लष्करी पोलिसांची छावणी, तीही गोऱ्यांची. संध्याकाळी हे ट्रकचालक हॉब इनमध्ये येत, गिरणीतल्या माणसांशेजारी बसत, आणि गाव त्यांच्याशी बोलत असे. त्यांच्या घरच्या गावांत, मिसिसिपीत किंवा जॉर्जियात, गोऱ्याच्या शेजारी असा पेला ठेवला असता तर कदाचित जीव गेला असता. इथे तसे काही झाले नाही.

दंतकथा सुरू होते ती या ठिकाणी. अमेरिकन अधिकाऱ्यांनी गावाला सांगितले की पबमध्ये वर्णभेद पाळा, काळ्यांना गोऱ्यांत मिसळू देऊ नका. त्यावर गावातल्या तिन्ही पबनी दारावर पाट्या लावल्या : 'फक्त काळ्या सैनिकांसाठी'. गोष्ट ऐकताच मन प्रसन्न होते. कादंबरीकार अँथनी बर्जेस युद्धानंतर बॅम्बर ब्रिजच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवत होता. त्याने १९७३ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रात लेख लिहून ती सांगितली आणि तेव्हापासून ती जगभर फिरते आहे. पाटीचा उल्लेख करणारे सगळे 'असे सांगतात' या शब्दांनी सुरुवात करतात. माझे त्याबद्दल भांडण नाही. आमचा निम्मा इतिहास 'असे सांगतात' वरच उभा आहे, कारण लिहिण्याची लेखणी दुसऱ्यांच्या हातात होती. मला खटकते ते वेगळे. या गोष्टीत काळा सैनिक काहीच करत नाही. पाटी लावतो तो पबवाला, शहाणपण दाखवते ते गाव, आणि सैनिक फक्त आत बोलावला जातो.

प्रत्यक्षात २४ जून १९४३ च्या रात्री काय झाले ते पाहू. त्याआधी तीनच दिवस अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये वर्णदंगल भडकली होती. ३४ माणसे मेली, त्यांतली २५ काळी. ती बातमी छावणीत पोचली होती आणि मने पेटलेली होती. हॉब इन बंद व्हायची वेळ झाली तेव्हा दोन गोरे लष्करी पोलीस आत आले. युजीन नन नावाचा सैनिक पूर्ण गणवेशाऐवजी रोजच्या कामाचे जाकीट घालून बसला होता. एवढ्यावरून ते त्याला पकडू लागले. पबमधले गावकरी, ब्रिटिश सैन्याच्या स्त्रीदलातल्या मुली आणि एक ब्रिटिश सैनिक मध्ये पडले : यांनी कोणाचे काय केले आहे, यांना का पकडता? एका काळ्या सार्जंटने समजूत घालून प्रकरण मिटवले. जाता जाता पोलिसांच्या जीपवर बियर फेकली गेली. पोलीस आणखी माणसे घेऊन परतले आणि छावणीकडे चाललेल्या सैनिकांना त्यांनी रस्त्यात गाठले. मारामारी झाली, गोळ्या सुटल्या. विल्यम क्रॉसलँड हा सैनिक त्या रात्रीच्या गोळीबारात ठार झाला.

जखमी सैनिक छावणीत पोचले तेव्हा पोलीस आपल्याला मारायलाच निघाले आहेत अशी आवई उठली. मध्यरात्री लष्करी पोलीस मशीनगन बसवलेली गाडी घेऊन दारात आले आणि आवई खरी वाटू लागली. सैनिकांनी कोठारातून बंदुका काढल्या. गावकऱ्यांना घरात बसायला सांगून ते रस्त्यावर उतरले. पहाटे चारपर्यंत त्या गिरणीगावाच्या अंधारात अमेरिकन अमेरिकनांवर गोळ्या झाडत होते. एक मेला, सात जखमी झाले.

मग न्याय. ऑगस्ट आणि सप्टेंबर १९४३ मध्ये दोन लष्करी खटले चालले. तिसाच्या आसपास काळे सैनिक बंड आणि तत्सम गुन्ह्यांसाठी दोषी ठरले; काहींना पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा सुनावल्या गेल्या. पुढे त्या बऱ्याच कमी झाल्या आणि वर्षभरात अनेकजण पुन्हा कामावर रुजू झाले, कारण युद्धाला ट्रकचालक हवे होते. आठव्या हवाई दलाचा सेनापती आयरा ईकर याने चौकशीअंती मुख्य दोष गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नालायकपणावर आणि पोलिसांच्या शिवराळ वर्णद्वेषावर ठेवला. त्याने ट्रकतुकड्यांची नव्याने रचना केली, निकामी अधिकारी हाकलले आणि गस्तीत काळे पोलीस मिसळले. दोष गोऱ्यांचा आणि शिक्षा काळ्यांना, हे एकाच कागदपत्रात बसले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. वायव्य इंग्लंडातल्या एका गावात काही गडबड झाली, एवढेच वाचकांना कळले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या बँकेच्या भिंतीत डागडुजी करणाऱ्या कामगाराला गोळ्यांची भोके सापडली, तेव्हा लोक पुन्हा विचारू लागले. भिंतीने सांगितले ते छापील कागदाने चाळीस वर्षे सांगितले नव्हते.

पाटीच्या गोष्टीकडे पुन्हा येतो. 'पब्लिक हाउस' कायद्याने कितपत पब्लिक आहे? इंग्रजी कायद्यात एक जुना भेद आहे. वाटसरूला मुक्काम देणारी खाणावळ योग्य कारणाशिवाय कोणा प्रवाशाला परत पाठवू शकत नाही. पण नुसती दारू विकणाऱ्या पबवाल्यावर असे बंधन नव्हते. तो कोणालाही, कारण न सांगता, दारू नाकारू शकत असे. १८७७ च्या एका निकालाने यावर शिक्का मारला होता. म्हणजे घर सार्वजनिक, पण हक्क मालकाचा. 'फक्त काळ्यांसाठी' अशी पाटी ज्या हक्काने लागते, त्याच हक्काने 'काळ्यांना प्रवेश नाही' अशीही पाटी लागते. खिळा तोच, दारही तेच. बॅम्बर ब्रिजच्या पबवाल्यांच्या माणुसकीला मी कमी लेखत नाही. वरिष्ठांच्या दडपणापुढे न वाकणे सोपे नसते. पण ती मर्जी होती. सैनिकाला तिथे बसण्याचा हक्क नव्हता.

मर्जी किती टिकते याचा पुरावा त्याच उन्हाळ्यात मिळाला. महिनाभरातच, जुलै १९४३ च्या शेवटी, लिअरी कॉन्स्टंटाइन लंडनच्या इम्पिरियल हॉटेलात उतरला. वेस्ट इंडीजचा थोर क्रिकेटपटू, लँकेशरच्याच नेल्सन गावाकडून वर्षानुवर्षे खेळलेला आणि तिथल्या लोकांचा लाडका. अमेरिकन गिऱ्हाइकांना चालणार नाही म्हणून हॉटेलने त्याला बाहेर काढले. तो कोर्टात गेला. ते मुक्कामाचे ठिकाण असल्यामुळे तो १९४४ मध्ये जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी. पब असता तर तेवढीही मिळाली नसती. आणि सरकार? ऑक्टोबर १९४२ मध्येच ब्रिटिश मंत्रिमंडळाने ठरवले होते की अमेरिकनांचा वर्णभेद आपल्या पोलिसांनी राबवायचा नाही, पण त्याला हरकतही घ्यायची नाही. आणि जनतेने काळ्या सैनिकांशी फार सलगी करू नये हे बरे. म्हणजे हातही भिजायला नकोत आणि मासाही सुटायला नको.

पाहुणा आणि शेजारी यांत फरक असतो. काळे अमेरिकन सैनिक पाहुणे होते, लढाई संपली की जाणार होते. युद्धानंतर वेस्ट इंडीज, पंजाब आणि पाकिस्तानातून माणसे इंग्लंडच्या भट्ट्यांत आणि गिरण्यांत कामाला आली, राहू लागली, आणि पबची दारे मिटू लागली. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावात पबवाले आशियाई आणि काळ्या गिऱ्हाइकांना लाउंजमध्ये बसू देत नसत. आधी सांगितलेली पेनी इथे चालेनाशी झाली. खिशात पैसा असूनही खोली बंद. याविरुद्ध अवतारसिंग जोहल आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनने साधा मार्ग काढला. गोरे विद्यार्थी सोबत घ्यायचे. त्यांनी लाउंजमध्ये दारू मागायची, मिळायची. मग हिंदी माणसाने मागायची, नकार मिळायचा. हा पुरावा घेऊन परवाना देणाऱ्या न्यायाधीशांपुढे जायचे. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स स्मेदिकला आला तेव्हा जोहल त्याला 'ब्लू गेट्स' पबमध्ये घेऊन गेला आणि तिथला भेद त्याने डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा आला आणि पब, हॉटेल अशा ठिकाणी वर्णावरून नकार देणे बेकायदा ठरले. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपहारगृहे, हॉटेले १९५० मध्येच सर्वांना मोकळी केली होती. ज्या इंग्रजांकडून आम्ही कायदा शिकलो म्हणतात, त्यांना हा धडा गिरवायला पंधरा वर्षे जास्त लागली.

अर्थात कलम असले म्हणजे कप मिळतोच असे नाही. माझ्या वडिलांच्या तरुणपणी गावच्या हाटेलात आमच्या वस्तीच्या कपबश्या बाहेर वळचणीला खोचलेल्या असत. चहा वरून ओतायचा, पिणाऱ्याने कप विसळून परत खोचायचा. वस्तीतला एकजण कचेरीत शिपाई झाला, तेव्हा हाटेलवाल्याने त्याला आत बाकावर बसवून चहा दिला. वडील ही गोष्ट हाटेलवाल्याच्या मोठ्या मनाचे उदाहरण म्हणून सांगत. बाकीच्यांचे कप वळचणीलाच होते, हे मी म्हटले की ते गप्प होत.

'सार्वजनिक' या शब्दाचा खरा हिशेब महाडला झाला. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले झाल्याचे जाहीर केले. ती पाटीच होती. तिला मान देऊन तीन वर्षांत कोणी ओंजळभर पाणी प्यायला गेले नाही, कारण पाटीमागे सवर्णांची मर्जी नव्हती आणि पाटीपुढे अजून माणसे उभी राहिली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले. त्यानंतर डोकी फुटली, खटले झाले, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. महाडच्या इतिहासात ठराव मांडणाऱ्या आणि साथ देणाऱ्या सवर्ण मित्रांची नावे आम्ही आदराने घेतो. पण ते तळे कोणी उघडले, असे विचारले तर कोणी बोल्यांचे नाव सांगत नाही. बॅम्बर ब्रिजच्या गोष्टीत नेमके तेच घडले आहे. पाटी लावणारे नायक झाले आणि बंदूक उचलून शिक्षा भोगणारे 'काळे सैनिक' या दोन शब्दांत मावले.

गावाने अलीकडे काही भरपाई केली आहे. जून २०२२ मध्ये हॉब इनसमोर एक स्मृतिउद्यान झाले. क्रॉसलँडचे नाव आता तिथे घेतले जाते. त्याच वर्षी या घटनेवरून सुचलेला 'द रेल्वे चिल्ड्रेन रिटर्न' हा चित्रपट आला. त्यात एका काळ्या अमेरिकन पोराला लष्करी पोलीस पकडून नेतात आणि खेड्यातली गोरी मुले आगगाडी अडवून त्याला सोडवतात. १९४३ च्या सप्टेंबरात लष्करी न्यायालयापुढे जे उभे होते, त्यांच्यासाठी अशी गाडी कोणी अडवली नव्हती.